ज्ञापकत्व कोणाचे?

गेल्या दिवाळीस आमच्या थोरल्या बंधूंची नात अमेरिकेहून महिनाभर घरी आली होती. ती तिकडील एका विश्वविद्यालयात डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहीत आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. विषय कोणता, हे मात्र घरात कोणासही धड सांगता येत नव्हते. फराळाच्या वेळी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा ती म्हणाली, "संज्ञापन. म्हणजे माणसे एकमेकांशी कशी बोलतात, याचा अभ्यास. त्यातही डॉक्टर आणि रोगी यांचे बोलणे." यावर ते गृहस्थ म्हणाले, "बोलण्यात डॉक्टरेट? ती आमच्या घरी सर्वांस जन्मतःच मिळालेली आहे!" सर्व हसले आणि तीही हसली. परंतु चौतीस वर्षे शाळेत भाषा शिकविण्यात घालविलेल्या माणसास हा विषय असा हसण्यावारी नेववेना. पुढील पंधरा दिवस आम्ही विचारीत गेलो व ती सांगत गेली. त्यातील सार वाचकांपुढे ठेवावे, हा या महिन्याचा हेतू आहे. त्या ओघात आमच्याच घरातील एक जुनी गोष्ट वर आली. तीही झाकून ठेवीत नाही.

प्रथम शब्दाविषयी. 'संज्ञापन' हा शब्द आपल्याकडील विद्यापीठांनी योजिला आहे. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. त्याच्या प्रयोजकावरून 'ज्ञापन', म्हणजे जाणविणे. आणि 'सम्' लागला की दोघांचे ज्ञान एक करणे, एकमत घडविणे. मौज अशी की, याचाच सख्खा भाऊ 'संज्ञपन' हा यज्ञप्रकरणात येतो आणि तेथे त्याचा अर्थ पशूस मारणे असा आहे. पशूची 'संमती' घेतली, असे सौम्य शब्दांत म्हणावयाचे, इतकेच. हे सांगताच ती म्हणाली, "आजोबा, कित्येक इस्पितळांत या दोन शब्दांमधला फरक फार थोडा उरतो." हा विनोद आम्ही टिपून ठेवला आहे.

आम्हांस खरे आश्चर्य वाटले ते तिच्या पहिल्या वर्षाच्या वाचनाचे. रोग्यांच्या बोलण्याचा अभ्यास करावयाचा, तर एखादे वैद्यकाचे पुस्तक हाती द्यावे. हिच्या हाती दिले प्लेटो आणि ॲरिस्टॉटल! परंतु कारण ऐकल्यावर ते पटले. वक्तृत्वशास्त्र ग्रीकांनी वाढविले ते न्यायसभा व लोकसभा यांसाठी, हे आपण शाळेत शिकलो. त्याच ग्रीकांनी रोग्याच्या खाटेपाशीही वक्त्यास नेले होते, हे कोणी शिकविले नाही. प्लेटोच्या 'गॉर्गियस' या संवादात तो प्रसिद्ध वक्ता प्रौढीने सांगतो की, माझा भाऊ वैद्य आहे. औषध घेण्यास किंवा शस्त्र लावू देण्यास रोगी तयार होत नसे, तेव्हा वैद्याचे चालले नाही ते मी केवळ माझ्या वाणीने करून दाखविले. प्लेटोस ही प्रौढी मुळीच मान्य नव्हती. आपल्या उतारवयातील 'कायदे' या ग्रंथात त्याने दोन प्रकारचे वैद्य वर्णिले आहेत. गुलामांवर उपचार करणारा वैद्य स्वतःही बहुधा गुलामच. तो न विचारता, न सांगता हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य मात्र रोग्याशी व त्याच्या आप्तांशी बोलतो, त्यांच्यापासून स्वतःही काही शिकतो आणि रोग्याचे मन वळल्यावाचून औषधयोजना करीत नाही. या गोष्टीस सुमारे चोवीसशे वर्षे झाली. आपल्या गावातील दवाखान्यांची मनात उजळणी करून, यांपैकी कोणता वैद्य अधिक भेटतो, हे वाचकांनीच ठरवावे.

ॲरिस्टॉटल हा तर वैद्याचाच मुलगा. वक्त्याचे शील, श्रोत्याच्या भावना आणि बोलण्यातील युक्तिवाद ही मन वळविण्याची तीन साधने त्याने सांगितली, आणि त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग, भय, दया इत्यादी भावनांचे व तरुण-वृद्ध श्रोत्यांच्या स्वभावांचे विवेचन आहे. ऐकणाऱ्यास ओळखल्यावाचून बोलणाऱ्याचे शास्त्र पुरे होत नाही, हे तेव्हाच मान्य झाले होते. आमच्या नातीच्या सांगण्याप्रमाणे, तिच्या शास्त्राचा पुढील सर्व विस्तार या एका मान्यतेतून झालेला आहे.

अमेरिकेत या विद्येस स्वतंत्र घर मिळाले ते १९१४ साली. इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेत भाषणकलेस दुय्यम स्थान मिळते, म्हणून १७ शिक्षकांनी बाहेर पडून आपली निराळी संस्था काढली. आरंभी विषय होता व्यासपीठावरील वक्ता. १९२५ साली हर्बर्ट विचेल्न्स याने एका निबंधात दाखविले की, भाषणाची परीक्षा काव्याप्रमाणे केवळ सौंदर्यावरून करू नये. ते ज्यांच्यापुढे झाले, त्यांच्यावर त्याचा परिणाम काय झाला, हे पाहावे. १९५० साली केनेथ बर्क याने आणखी एक पाऊल टाकले. मन वळविण्याच्या मुळाशी तादात्म्य असते, असे तो म्हणाला. श्रोत्याच्या भाषेत, त्याच्या दृष्टीने बोलता आले, तरच तो आपले ऐकतो. व्यासपीठ एव्हाना मागे पडत चालले होते. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, तेथेही हेच शास्त्र लागू पडेल काय, असा प्रश्न उभा राहिला. आणि ज्या बोलण्यावर कधी कधी प्राणही अवलंबून असतात, असे दोघांचे बोलणे शोधू गेल्यास दवाखान्याचे दार प्रथम दिसते.

त्या दारातून आत गेलेल्यांत बार्बरा कॉर्श या बालरोगतज्ज्ञ बाई अग्रभागी होत्या. लॉस एंजेलिस येथील मुलांच्या इस्पितळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८०० भेटींचा अभ्यास करून १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ पंचमांश आयांस मुलास काय झाले आहे, हे स्पष्ट न कळताच त्या घरी परतल्या होत्या; आणि जवळजवळ निम्म्या आया, हे दुखणे कशामुळे आले, याच विचारात होत्या. पुढे १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रिका तपासल्या. "काय होते आहे?" असे डॉक्टरांनी विचारल्यावर आपले म्हणणे शेवटपर्यंत सांगण्याची संधी मिळालेले रोगी निघाले १७. बाकीच्यांस डॉक्टरांनी मध्येच अडविले, आणि तेही सरासरी १८ सेकंदांत! १८ सेकंदांत आमच्या सौभाग्यवतींची प्रस्तावनादेखील होत नाही. त्याच वर्षी एलियट मिशलर याने दवाखान्यात दोन आवाज ऐकू येतात, असे मांडले: एक वैद्यकाचा, दुसरा रोग्याच्या रोजच्या जगण्याचा. पहिला विचारतो, "किती दिवस?" दुसरा सांगतो, "मुलीचे लग्न झाले तेव्हापासून." पहिल्यास दिवस हवे असतात, म्हणून लग्न वाहून जाते, आणि पुष्कळदा दुखण्याचे मूळ त्या लग्नापाशीच असते. १९८९ साली केवळ आरोग्यविषयक संज्ञापनास वाहिलेले त्रैमासिक निघाले, आणि वक्तृत्वाची ही शाखा चांगली रुजली.

आता प्रबंध सिद्ध कसा होतो, ते पाहू. दोन वर्षे वाचन व परीक्षा. मग विषयाचा आराखडा. त्यावर गुरुजनांच्या मंडळाची मान्यता. नंतर नीतिविषयक समितीची परवानगी. नंतर प्रत्येक रोग्याची व डॉक्टरांची लेखी संमती. एवढे झाल्यावर ध्वनिमुद्रण. पुढे एकेक शब्द उतरवावयाचा, नावे बदलावयाची, आणि केवळ शब्दच नव्हे, तर कोण कोठे थांबला, किती थांबला, कोणाचे बोलणे कोणाच्या बोलण्यावर चढले, आवाज कोठे खाली गेला, हे सर्व चिन्हांनी दाखवावयाचे. थांबणे तर सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजतात. तिने असे एक पान, नावगाव काढलेले, आम्हांस दाखविले. अक्षरांच्या वर-खाली दाट चिन्हे पाहून आम्हांस स्वरांकित संहितेची आठवण झाली. आपल्या वैदिकांनी एक स्वर चुकू नये म्हणून जी दक्षता घेतली, ती येथे एखाद्या म्हाताऱ्या रोग्याच्या "हो... तसं बरं आहे" या वाक्यासाठी घेतलेली आहे, हे पाहून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. त्या 'हो' नंतरची विश्रांती दीड सेकंदाची होती. "या दीड सेकंदात सगळे आहे, आजोबा," ती म्हणाली.

या विद्येने वैद्यकाची भाषाही बदलविली आहे. डॉक्टरांनी सांगितलेले औषध रोगी घेत नाही, ही तक्रार जुनीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाप्रमाणे, संपन्न देशांतदेखील दीर्घकालीन दुखण्यांचे उपचार सांगितल्याप्रमाणे पाळणारे रोगी सरासरी निम्मेच असतात. पूर्वी यास आज्ञाभंग म्हणत. १९९७ साली इंग्लंडातील औषधशास्त्रज्ञांच्या राजमान्य संस्थेने सुचविले की, 'आज्ञापालन' हा शब्द सोडून 'एकवाक्यता' धरावी. औषध का नको वाटते, हे रोग्याने मोकळेपणी सांगावे, डॉक्टरांनी ते ऐकावे, आणि मग दोघांनी मिळून ठरवावे. शब्द बदलल्याने वर्तन लगेच बदलते, असे नाही; परंतु दोष एकट्या रोग्याचा नव्हे, एवढे तरी त्याने कबूल होते.

तिचा स्वतःचा प्रबंध मात्र डॉक्टर आणि रोगी या दोघांविषयी नाही. दवाखान्यातील तिसऱ्या खुर्चीविषयी तो आहे. रोग्याबरोबर आलेला मुलगा, सून, नवरा किंवा भाऊ तेथे काय करतो? त्याच्या असण्याने रोग्यास आधार मिळतो, विसरलेले आठवते, परकी भाषा समजते, हे खरे. परंतु तो रोग्याच्या वतीने बोलूही लागतो. हे सांगता सांगता तिने सहज विचारले, "धाकटे आजोबा, आमच्या आजोबांच्या दुखण्यात डॉक्टरांशी कोण बोलत असे?"

आम्ही बोलत असू. २०१२ सालची ही गोष्ट. दादा तेव्हा ७१ वर्षांचे होते. ते आम्हांस पितृस्थानी होते. पोटात दुखते म्हणून तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हांस व दादांच्या मुलास बाहेर बोलाविले आणि कर्करोग असल्याचे सांगितले; दादा आत खाटेवर बसून होते. त्या रात्री माडीवर घरातील आम्हा पुरुषमंडळींची बैठक झाली व 'त्यांस सांगावयाचे नाही' असे एकमताने ठरले. दादांनी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" आम्ही म्हणालो, "सूज आहे, उतरेल." पुढे दर पंधरा दिवसांनी जाणे होई. डॉक्टर दादांस विचारीत, "झोप लागते का?" आणि मागून उत्तर येई ते आमचे: "लागते, डॉक्टर." "दुखते का?" "गोळ्यांनी आराम आहे." डॉक्टर केसपेपरवर लिहीत. दादा एकदा आमच्याकडे पाहत आणि मान हलवीत. चार महिन्यांत ते गेले.

तेरावा झाल्यावर वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना सगळे कळले होते. 'धाकट्याला खोटे बोलताना त्रास होतो, म्हणून मी विचारीत नाही,' असे म्हणायचे." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. रात्रीची वेदनाशामक गोळी दादांनी केव्हाच सोडली होती. तिने त्यांस मलावरोधाचा फार त्रास होई. आणि सुजेच्याच गोळ्या, तर एक नाही घेतली म्हणून काय झाले, असे त्यांस वाटे. रात्री ते जागेच असत. वहिनींस हे ठाऊक होते; पण आम्ही दोघे-तिघे बरोबर जात असल्यामुळे दवाखान्यात त्यांचे जाणे कधी झालेच नाही. त्या गोळीबरोबर पोट साफ ठेवणारे औषध देतात, हे आम्हांस फार उशिरा कळले. डॉक्टरांच्या कानी गेले असते, तर त्यांनी ते त्याच दिवशी लिहून दिले असते. परंतु आमच्या "लागते, डॉक्टर" ने ते दार लावून घेतले होते.

इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्ही कोणापाशी बोललो नव्हतो. ती त्यांच्या नातीस सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, अशी पाने माझ्या प्रबंधात पुष्कळ आहेत. त्यांत वाईट माणूस बहुधा कोणीच नसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही चरकसंहिता काढून बसलो. चिकित्सेचे चार पाद चरकाने सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण. उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्यावरील प्रेम आणि शुचिता. रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता, आणि चौथा ज्ञापकत्व, म्हणजे आपल्या दुखण्याचे निवेदन करण्याचे सामर्थ्य. हे प्रकरण आम्ही पूर्वी अनेकदा वाचले होते. ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण सांगितला आहे, उपस्थात्याचा नव्हे, हे त्या दिवशी प्रथमच डोळ्यांत भरले. प्रेमाने का होईना, आम्ही दादांच्या वाट्याचा एक गुण काढून घेतला होता, आणि चार पायांपैकी एक पाय तोकडा केला होता.

यावर काही वडीलधारे म्हणतील की, मृत्यूची चिन्हे दिसली तरी वैद्याने न विचारता ती सांगू नयेत, आणि सांगितल्याने अपाय होणार असेल, तर विचारल्यावरही सांगू नयेत, असे त्याच चरकाने म्हटले आहे. ते खरे आहे. परंतु अपाय होईल की नाही, हे रोग्यास न विचारता ठरवावयाचे कसे? आजचे शास्त्र येथे मधला मार्ग दाखविते. कर्करोगाची वार्ता सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. तीत वार्ता सांगण्यापूर्वीची पायरी अशी की, किती जाणून घ्यावयाचे आहे, हे प्रथम रोग्यासच विचारावे. "मला सांगू नका, माझ्या मुलास सांगा," असे तो म्हणाला, तर तीही त्याचीच इच्छा, आणि तिला मान द्यावा. दादांस आम्ही हे विचारले असते, तर ते काय म्हणाले असते, ते आम्हांस आज सांगता येत नाही. खेद आहे तो याचाच.

दुसरा आक्षेप वेळेचा. दाराशी पन्नास माणसे खोळंबली असता डॉक्टरांनी किती ऐकावे? हा आक्षेप लटका नाही. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्राथमिक उपचारासाठी रोग्यास मिळणारा वेळ बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे असा आढळला. आणि जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तेथे तो पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी होता. परंतु स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३३५ रोग्यांस मध्ये न अडविता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत आपण होऊन थांबले. शंभरांतील ७८ जणांस दोन मिनिटे पुरली. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. रोगी बोलू लागला की थांबतच नाही, ही समजूत बरीचशी आपल्या अधीरतेतून आलेली दिसते.

आपल्याकडेही वारे बदलत आहे. २०१९ पासून वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संज्ञापन यांचे शिक्षण आले आहे. सज्ञान रोगी स्त्री भुलीखाली असता तिच्या आईच्या संमतीवर केलेली मोठी शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अनधिकृत ठरविली. तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसेल, तर संमती ज्याच्या देहाची त्याचीच हवी. डॉक्टर शिकतील, न्यायालये सांगतील. पण तिसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्यास कोण शिकविणार? ते काम घरातच व्हावयास हवे.

नात परत गेल्यावर आम्ही सौभाग्यवतींस मधुमेहाच्या तपासणीस घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारले, "कसे आहे?" आमच्या ओठांवर "ठीक आहे" आलेच होते, ते गिळले. ती थोडा वेळ गप्प राहिली. तेवढे क्षण आम्हांस फार जड गेले. मग ती सांगू लागली. रात्री तळपाय जळतात. आणि एकादशीस उपवास असला तरी सकाळची गोळी घेते, मग दुपारी घाम सुटून भोवळ येते. डॉक्टरांनी लिहिणे थांबवून मान वर केली, आणि उपवासाच्या दिवशी काय करावे, ते तिलाच समजावून दिले; नंतर तिच्याकडून ते परत वदवूनही घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या एकादशीच्या भोवळीची वार्ता आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली.

घरी येताना आम्ही विचारले, "हे आधी का नाही सांगितलेस?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगत होतात ना, ठीक आहे म्हणून."